जुने डाइव्ह प्लॅनर आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम : स्थलांतर व पडताळणी

स्कूबा डायव्हिंगमध्ये किती खोलीवर किती वेळ राहायचे, वर येताना कोणत्या टप्प्यावर किती मिनिटे थांबायचे आणि त्यासाठी किती वायू सोबत न्यायचा, याचे गणित बुडीपूर्वी मांडून देणाऱ्या संगणकीय प्रोग्रामला डाइव्ह प्लॅनर म्हणतात. तारकर्ली-मालवण किंवा गोव्यातील ग्रँड आयलंड येथील नवशिक्यांच्या उथळ बुडीसाठी अशा प्रोग्रामची गरज भासत नाही. परंतु नोकरीनिमित्त आखाती देशांत, युरोपात किंवा अमेरिकेत स्थायिक झाल्यावर हा छंद पुढे नेणारे आणि खोल, थांब्यांसहित बुड्यांचे शिक्षण घेणारे पाणबुडे त्यावर अवलंबून असतात.

व्ही-प्लॅनर, डेकोप्लॅनर यांसारखे या क्षेत्रातील नावाजलेले प्रोग्राम विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांच्या काळात घडले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि अनेकांना संगणक बदलावा लागला. त्याबरोबर वर्षानुवर्षे वापरातला प्लॅनर नव्या यंत्रावर नेण्याचा प्रश्नही आला. या प्रश्नाचे दोन भाग आहेत. प्रोग्राम नव्या यंत्रावर सुरू करणे हा पहिला आणि तुलनेने सोपा भाग. त्याने दिलेला आराखडा जुन्या यंत्रावरील आराखड्याइतकाच विश्वासार्ह आहे याची खात्री करणे हा दुसरा. पहिला भाग साधला की दुसराही साधला, असे मानण्याची चूक सहज घडते.

प्लॅनर काय मोजतो

पाण्याखाली दाब वाढतो तसा श्वासातील नायट्रोजन शरीरातील ऊतकांत अधिक प्रमाणात विरघळतो. पाणबुड्या फार वेगाने वर आला तर हा वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे परिणाम होऊ शकतात. या विकाराला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत मांडली. त्यांनी शरीराची कल्पना ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटे अर्धकाल असलेल्या पाच ऊतकगटांच्या रूपात केली होती.

झुरिकमधील अल्बर्ट ब्यूलमान यांनी हेच तत्त्व सोळा ऊतकगटांपर्यंत नेले. त्यांच्या झेडएच-एल १६ या मॉडेलमध्ये नायट्रोजनचा सर्वांत संथ गट ६३५ मिनिटांच्या अर्धकालाचा आहे. पुढे एरिक बेकर यांनी त्यात ग्रेडियंट फॅक्टर आणले. प्रत्येक ऊतकगटाला सोसवणारी जी कमाल मर्यादा मॉडेल ठरवते, तिच्या किती टक्क्यांपर्यंत जायचे हे या दोन आकड्यांवरून ठरते. ३०/७० या जोडीतील पहिला आकडा सर्वांत खोल थांब्याशी आणि दुसरा पृष्ठभागावर पोहोचतानाच्या स्थितीशी संबंधित असतो. १००/१०० म्हणजे मॉडेलची मूळ मर्यादा, कोणतीही राखीव जागा न ठेवता. हवाई विद्यापीठातील डेव्हिड याउंट यांच्या संशोधनातून आलेले व्हीपीएम हे मॉडेल बुडबुड्यांच्या वाढीचा विचार करते. त्याच्या व्हीपीएम-बी या रूपासाठी व्ही-प्लॅनरमध्ये ० ते +५ अशी सावधगिरीची पातळी निवडता येते.

एकाच बुडीसाठी प्रोग्राम जे थांबे दाखवतो, ते केवळ सूत्रावर नव्हे तर अशा निवडींवरही अवलंबून असतात. स्थलांतरात सूत्र सहसा बदलत नाही. हरवतात त्या या निवडी.

जुना प्रोग्राम कुठे अडतो

सर्वांत जुना वर्ग १६-बिट प्रोग्रामांचा. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांत असे प्रोग्राम चालवणारी यंत्रणाच नाही आणि विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात मिळते. त्यामुळे १९९०च्या दशकातील काही प्लॅनर सुरूच होत नाहीत. त्यानंतरच्या काळातील बहुतेक प्लॅनर ३२-बिट आहेत. ६४-बिट विंडोज त्यांना एका मध्यस्थ यंत्रणेद्वारे चालवते आणि हा मार्ग सामान्यतः भरवशाचा आहे. मात्र प्रोग्राम ३२-बिट असूनही त्याचा इन्स्टॉलर १६-बिटच असण्याची शक्यता असते. अशा वेळी साध्या रचनेच्या प्रोग्रामच्या बाबतीत जुन्या संगणकावरील संपूर्ण फोल्डर उचलून नव्यावर ठेवल्यास काम भागते. काही प्रोग्रामांना डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ लागते. ते विंडोजच्या वैकल्पिक घटकांच्या यादीतून सुरू करावे लागते.

दुसरी अडचण मदत-फाइलींची. जुन्या प्रोग्रामांची एचएलपी स्वरूपातील मदत-फाइल विंडोज १० पासून उघडत नाही. ही गैरसोय वरवर किरकोळ वाटते. पण कोणत्या सेटिंगचा नेमका अर्थ काय, हे बहुधा याच फाइलीत लिहिलेले असते. जुना संगणक निकालात काढण्यापूर्वी ही मदत छापून किंवा पीडीएफ करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी अडचण डाइव्ह कॉम्प्युटर जोडण्याच्या केबलींची. ६४-बिट विंडोजला डिजिटल स्वाक्षरी असलेले ड्रायव्हर लागतात आणि यूएसबी केबलींतील काही जुन्या चिपांना नवे ड्रायव्हर स्वीकारत नाहीत. ही अडचण बुडीच्या नोंदी उतरवून घेण्यापुरती असते, आराखड्याच्या गणिताशी तिचा संबंध नसतो. म्हणून दोन्ही प्रश्न वेगळे ठेवावेत.

चौथी अडचण परवान्याची. संगणकाशी बांधलेली परवाना-किल्ली नव्या यंत्रावर चालत नाही आणि ती नव्याने देणारी व्यवस्था बंद झालेली असू शकते. खरेदीची पावती, किल्ली आणि मूळ इन्स्टॉलर यांची प्रत एकत्र जपलेली असेल तरच पुढील मार्ग खुले राहतात.

चालवण्याचे मार्ग

विंडोजवर पहिला उपाय कम्पॅटिबिलिटी मोडचा. प्रोग्रामच्या चिन्हावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटी या पानावर विंडोजची जुनी आवृत्ती निवडता येते. याने खरोखर जुनी विंडोज अवतरत नाही. प्रोग्रामला जुना आवृत्ती-क्रमांक सांगितला जातो आणि काही वर्तन जुन्या पद्धतीचे ठेवले जाते. आवृत्ती-क्रमांक पाहून अडून बसणाऱ्या प्रोग्रामांना तेवढे पुरते.

ते पुरले नाही तर आभासी संगणकाचा मार्ग असतो. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनात जुनी विंडोज स्वतंत्रपणे बसवता येते. यूएसबी उपकरण थेट आभासी संगणकाकडे सोपवता येत असल्याने जुना ड्रायव्हरही तेथे चालू शकतो. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपलेला असल्यामुळे अशा आभासी संगणकाची इंटरनेट-जोडणी बंद ठेवणे आवश्यक आहे. सर्व सेटिंग्ज तपासून झाल्यावर त्याचा स्नॅपशॉट घेतला, तर पुढे काही बिघडल्यास त्याच तपासलेल्या स्थितीत परतता येते. डॉसच्या काळातील प्रोग्रामांसाठी डॉसबॉक्स उपलब्ध आहे.

मॅकवर ३२-बिट प्रोग्रामांचा आधार २०१९ मधील कॅटालिना आवृत्तीपासून संपला. २०२० पासून आलेल्या ॲपल सिलिकॉन मॅकवर बूट कॅम्प नाही. तेथे आभासी संगणकात एआरएम प्रकारची विंडोज ११ चालवावी लागते आणि ती जुन्या इंटेल प्रोग्रामांचे आपल्या परीने भाषांतर करते. हे भाषांतर सामान्य प्रोग्रामांपुरते आहे. जुने इंटेल ड्रायव्हर त्यात चालत नाहीत. लिनक्सवर, आणि काही प्रमाणात मॅकवरही, वाइनद्वारे अनेक ३२-बिट विंडोज प्रोग्राम चालतात.

कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर यांपैकी काहीही करणे टाळावे. तेथे प्रशासकीय अधिकार बहुधा नसतात, आणि आधार संपलेली प्रणाली कंपनीच्या जाळ्यात आणणे सुरक्षा-नियमांत बसत नाही.

हरवलेल्या निवडींचा धोका

या साऱ्या विषयातील सर्वांत फसवी बाब विंडोजच्या एका सोयीतून निर्माण होते. जुने प्रोग्राम आपली सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्सच्या आत लिहीत असत. विंडोज व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याला तेथे लिहिण्यास मनाई आहे. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून विंडोज असे लेखन गुपचूप वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोर नावाच्या फोल्डरकडे वळवते. पुढच्या वेळी वाचनही तेथूनच होते, म्हणून वापरकर्त्याला काही कळत नाही.

मात्र तोच प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ या पर्यायाने उघडला की हे वळण लागू होत नाही आणि तो मूळ फोल्डरमधील फाइल वाचतो. परिणामी एकाच संगणकावर, एकाच प्रोग्रामचे दोन संच तयार होतात. एका संचात पाणबुड्याने काळजीपूर्वक निवडलेले ३०/७० असते. दुसऱ्यात प्रोग्रामचे मूळ आकडे असतात. कोणत्या चिन्हावरून प्रोग्राम उघडला यावर थांब्यांची लांबी ठरते आणि पडद्यावर इशारा काहीच येत नाही. जुना फोल्डर नव्या संगणकावर नेतानाही हेच घडते. प्रोग्राम फाइल्समधील फोल्डर उचलला जातो, व्हर्च्युअलस्टोरमधील खरी सेटिंग्ज मागेच राहतात आणि नव्या यंत्रावर प्रोग्राम मूळ आकड्यांसह उघडतो.

यावर उपाय साधा आहे. प्रोग्राम सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून, प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर बसवावा आणि नेहमी एकाच पद्धतीने उघडावा. जुन्या संगणकावर सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. त्यात मॉडेल व सावधगिरीची पातळी, खाली जाण्याचा व वर येण्याचा वेग, शेवटचा थांबा ३ मीटरचा की ६ मीटरचा, पाणी खारे की गोडे, समुद्रसपाटीपासूनची उंची, प्रति मिनिट वायू-वापर आणि एकके या सर्वांचा समावेश असावा.

दशांशचिन्ह, एकके आणि पडदा

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा देशांत दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात आणि तेथे घेतलेला संगणक त्याच प्रादेशिक सेटिंगसह येतो. व्हिज्युअल बेसिक ६ या भाषेतील ‘व्हॅल’ हे फंक्शन मात्र केवळ टिंबच ओळखते. त्याला १,४ दिले तर ते १ वाचते. याउलट त्याच भाषेतील ‘सीडबल’ हे फंक्शन प्रादेशिक सेटिंग पाळते. जर्मन सेटिंगखाली १.४ मधील टिंब हजारांचे चिन्ह समजून ते १४ वाचते.

ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या रकान्यात १४ आले तर ३२ टक्के नायट्रॉक्सची कमाल खोली चारशे मीटरहून अधिक दिसेल आणि चूक लगेच ध्यानात येईल. परंतु मिनिटाला १७,५ लिटर हा वायू-वापर १७ वाचला गेला, तर गणित सुमारे तीन टक्क्यांनी तोकडे पडेल आणि ते कुणाच्याही डोळ्यांत भरणार नाही. ज्या चुकीचे उत्तर समंजस दिसते, ती चूक अधिक घातक. प्रोग्राम बसवल्यावर एकदा टिंब व एकदा स्वल्पविराम वापरून दोन्ही उत्तरे पाहणे हा दोन मिनिटांचा तपास आहे.

एककांचे तसेच आहे. अमेरिकेत शिकलेला पाणबुड्या फुटांत विचार करतो, तर आखातात व युरोपात मीटर चालतात. स्थलांतरानंतर प्रोग्राम फुटांवर परतला आणि ३० हा आकडा मीटर समजून भरला गेला, तर प्रोग्राम प्रत्यक्षात सुमारे ९ मीटरच्या बुडीचे गणित करील. मनोरंजनात्मक डायव्हिंगच्या प्रचलित पाडी तक्त्यात हवेवर ३० मीटरसाठी थांब्यांविना मर्यादा २० मिनिटांची आहे. तेव्हा ३० मीटरवर ४० मिनिटांच्या बुडीस प्लॅनरने एकही थांबा सुचवला नाही, तर एककांचा गोंधळ झाला आहे असे समजून तेथेच थांबावे.

अधिक सूक्ष्म पडद्यांवर जुन्या प्रोग्रामांची अक्षरे बारीक दिसतात किंवा रकान्यांतील शेवटचे अंक कापले जातात. थांब्याच्या रकान्यात १२ ऐवजी १ दिसणे ही केवळ दिसण्याची चूक नव्हे. कम्पॅटिबिलिटीच्या त्याच पानावर उच्च-डीपीआयची सेटिंग बदलता येते. तरीही पडद्यावरील तक्ता आणि छापलेला तक्ता एकदा ओळीने ताडून पाहावा.

पडताळणीची पद्धत

पडताळणीचा गाभा निकष-आराखड्यांत आहे. जुना संगणक चालू असतानाच ओळखीच्या चार-पाच बुड्यांचे आराखडे करून ते कागदावर छापून ठेवावेत. त्यात हवेवरील एक साधी बुडी, नायट्रॉक्सवरील एक, वर येताना वायू बदलण्याची एक, ट्रायमिक्स वापरला जात असल्यास त्याची एक, आणि त्याच दिवशीची दुसरी बुडी असावी. एकापाठोपाठच्या बुड्यांत पहिल्या बुडीतील उरलेला वायू गणितात धरला जातो, म्हणून ती नोंद वगळू नये. नव्या यंत्रावर तेच आकडे भरून प्रत्येक थांबा जुळवावा.

प्रोसेसर किंवा भाषांतर-यंत्रणा बदलल्याने दशांशाच्या फार पुढच्या स्थानावर फरक पडू शकतो. थांबे पूर्ण मिनिटांत वरच्या बाजूस पूर्णांकित होत असल्याने क्वचित एखाद्या थांब्यात एका मिनिटाचा फरक संभवतो. त्याहून मोठा किंवा अनेक थांब्यांवर पसरलेला फरक हा सेटिंग बदलल्याचा पुरावा मानावा.

जुना संगणक आधीच बंद पडला असेल तर हाताने करता येणारी काही गणिते उपयोगी पडतात. पृष्ठभागावर १ बार आणि दर १० मीटरला १ बार धरल्यास उत्तरे अशी येतात :

• ३२ टक्के नायट्रॉक्स, आंशिक दाब १.४ बार : कमाल खोली ३३.७५ मीटर.
• ५० टक्के ऑक्सिजन, १.६ बार : २२ मीटर.
• शुद्ध ऑक्सिजन, १.६ बार : ६ मीटर.
• ३० मीटरवर ३२ टक्के नायट्रॉक्स : हवेशी समतुल्य खोली सुमारे २४.४ मीटर.
• पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर वापर, ३० मीटरवर २० मिनिटे : १,६०० लिटर. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे २,४०० लिटर वायू असतो.

प्लॅनर वातावरणाचा दाब व पाण्याची घनता अधिक काटेकोरपणे धरत असल्यास अल्प फरक पडतो. मीटरभराहून अधिक फरक असेल तर कारण शोधावे लागते. या गणितांनी वायू व एककांची खात्री होते. थांब्यांची होत नाही. त्यासाठी त्याच मॉडेलचा आणि त्याच निवडींचा दुसरा, स्वतंत्र प्रोग्रामच हवा.

गणित जुने झाले आहे काय

जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर निर्दोषपणे चालला, तरी तो लिहिला गेला त्या काळाचे ज्ञान घेऊनच चालतो. २००० नंतरच्या दशकात खोल थांब्यांवर भर देणारी मॉडेले लोकप्रिय होती. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात १७० फूट खोलीवर ३० मिनिटांच्या हवेवरील बुडीसाठी, थांब्यांचा एकूण वेळ समान ठेवून, दोन पद्धतींची तुलना होती. उथळ थांब्यांच्या १९२ बुड्यांत डीकम्प्रेशन सिकनेसच्या ३ घटना घडल्या. खोल थांब्यांच्या १९८ बुड्यांत ११.

या प्रयोगातील बुडबुड्यांचे मॉडेल व्हीपीएम नव्हते, म्हणून हा निष्कर्ष व्हीपीएमला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही अतिखोल थांब्यांबद्दलचे मत त्यानंतर बदलत गेले आणि ग्रेडियंट फॅक्टरमधील पहिला, कमी आकडा वाढवण्याकडे अनेकांचा कल झाला. पंधरा वर्षांपूर्वी योग्य वाटलेली निवड जुन्या सेटिंग्ज-फाइलीतून अलगद नव्या यंत्रावर येते. ती आजही योग्य वाटते का, हे आपल्या प्रशिक्षकाशी बोलून ठरवण्यासाठी स्थलांतर हा चांगला प्रसंग आहे.

मनगटावरील डाइव्ह कॉम्प्युटरशीही ताळमेळ लागतो. तांत्रिक डायव्हिंगसाठीच्या अनेक उपकरणांत ब्यूलमानचे मॉडेल ग्रेडियंट फॅक्टरसह असते. घरचा प्लॅनर व्हीपीएम-बीवर आणि मनगटावरील यंत्र ३०/७० वर चालत असेल, तर पाण्याखाली दोघे वेगवेगळे थांबे सांगतील आणि कुणाचे ऐकायचे हा निर्णय नेमका नको त्या जागी घ्यावा लागेल.

आजचे पर्याय

व्ही-प्लॅनरचा वारसा पुढे नेणाऱ्या मल्टिडेकोमध्ये व्हीपीएम-बी आणि ब्यूलमान ही दोन्ही मॉडेले आहेत. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २०११ मध्ये सुरू केलेले सबसरफेस हे मुक्त व विनामूल्य सॉफ्टवेअर विंडोज, मॅक व लिनक्सवर चालते. त्यात नोंदवहीबरोबर दोन्ही मॉडेलांचा प्लॅनरही आहे. जुन्या नोंदी यूडीडीएफ किंवा सीएसव्ही स्वरूपात बाहेर काढता आल्या तर त्या तेथे आणता येतात. जुना प्रोग्राम चालू असेपर्यंतच हे काम उरकावे.

म्हणून जुना प्लॅनर जपायचा ठरला तरी तो एकटा ठेवू नये. नव्या, आधार असलेल्या प्रोग्रामशी काही महिने प्रत्येक आराखडा ताडून पाहावा आणि जेथे दोघांत फरक पडेल तेथे त्याचे कारण कळेपर्यंत ती बुडी मारू नये. पाण्यात नेण्याच्या प्रत्येक आराखड्यावर प्रोग्रामचे नाव, आवृत्ती, मॉडेल, सावधगिरीचा आकडा आणि एकके लिहिलेली असावीत. जोडीदाराने बोटीवर तो कागद हातात घेतला, तर थांबे कोणत्या हिशेबाने आले आहेत हे त्याला विचारावे लागू नये.